लिफ्टने खाली येऊ नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत डोंगरात चालायला जाणाऱ्यांसाठी लेख आला होता तो वाचला आणि खरं सांगायचं तर जरा वैतागच आला. लेख वाईट नव्हता, पाणी प्या, झोप नीट घ्या, वॉर्मअप करा वगैरे सगळं बरोबरच होतं, पण सगळ्या तयारीचं सार काय तर रोज १० हजार पावलं चाला. अहो, सपाट गावात राहणारा माणूस १० हजार काय २० हजार पावलं चालला तरी त्यातलं एकही चढाचं नसतं आणि उताराचं तर नसतंच नसतं. आणि त्या १० हजारामागे डोंगराचं काही शास्त्र आहे असंही नाही, १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं तेव्हा हा गोल आकडा पुढे आला आणि जगभर चिकटला तो चिकटलाच. चालण्याशी माझं भांडण नाहीये, रोज चालणाऱ्याला न चालणाऱ्यापेक्षा डोंगर सोपाच जातो. पण नुसत्या सपाट चालण्यावर विसंबून लोक जातात आणि दुसऱ्या दिवशी पायऱ्या उतरताना कठड्याला लटकतात, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता लिहावंसंच वाटलं.

मी राहते तिथे सगळ्यात मोठा चढ म्हणजे रेल्वेवरचा पूल. तरी दरवर्षी डोंगरात जाते, वय पन्नाशीच्या पुढे आहे, आणि तयारी सगळी जिन्यावर. त्यामुळे जे सांगतेय ते जिम ट्रेनरचं ज्ञान नाही, वापरून बघितलेलं आहे.

पहिली गोष्ट, किलोमीटर मोजणं बंद करा आणि मीटर मोजायला लागा, म्हणजे चढाचे मीटर. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा हिशोब मांडला होता तो आजही लोक वापरतात, मेट्रिकमध्ये सांगायचं तर दर ५ किलोमीटरला एक तास आणि वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे १२ किलोमीटरची वाट सपाटीवर जेमतेम अडीच तासांची, पण त्यात ९०० मीटर चढ असेल तर दीड तास वाढून जवळपास चार तास, आणि हे सुद्धा बऱ्यापैकी फिट माणसाचं, न थांबता, पाठीवर फार ओझं नसताना. आपल्यासारख्यांनी त्यात अजून तास-दीड तास धरायचाच. आता १२ किलोमीटर ऐकून माणूस म्हणतो हात्तिच्या, एवढं तर मी बागेत चालतो! ९०० मीटर ऐकून कोणी काहीच म्हणत नाही कारण तो आकडा डोळ्यासमोर येतच नाही. तो मजल्यांमध्ये मांडला की येतो. एक मजला साधारण ३ मीटर धरा, म्हणजे ९०० मीटर म्हणजे ३०० मजले. तीनशे! जिन्याची एक पायरी साधारण १५ ते १८ सेंटीमीटर असते, टेप घेऊन आपल्या जिन्याची एकदा मोजून ठेवा म्हणजे पुढचा सगळा हिशोब आपोआप होतो. जमिनीपासून चौथ्या मजल्यापर्यंत १२ मीटर, पंचवीस फेऱ्या मारल्या की ३०० मीटर चढ आणि, हे महत्त्वाचं, ३०० मीटर उतार.

आता मुद्द्यावर येते. सपाट भागातली मंडळी जिन्यावर प्रॅक्टिस करतात तेव्हा बहुतेक सगळे काय करतात, तर चढून जातात आणि लिफ्टने खाली येतात. का तर गुडघे जपायचे. काही अनुभवी लोक तर सल्लाच देतात की सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून वर न्या, वर पाणी ओता आणि रिकाम्या सॅकने खाली या. सुरुवातीला एखाद-दोन आठवडे ठीक आहे, ज्याचे गुडघे मुळातच दुखतात त्याने तर तसंच करावं आणि आधी डॉक्टरला दाखवावं. पण बाकीच्यांनी लिफ्टने खाली येणं म्हणजे जी गोष्ट सपाटीवर मिळतच नाही नेमकी तीच सोडून देणं. चढाचा दम तुम्हाला सायकलवर मिळेल, पोहून मिळेल, ट्रेडमिलवर मिळेल, वाऱ्याच्या विरुद्ध सायकल मारून बघा, चढापेक्षा कमी नाही. उतार मात्र उतरल्याशिवाय कुठेच मिळत नाही.

उतरताना होतं काय ते बघा. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडतो आणि अंग वर ढकलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी त्याला जोर धरून ठेवावा लागतो, नाहीतर गुडघा दुमडून आपण खालीच बसू, म्हणजे पाऊलभर ब्रेक आणि पाऊलभर ब्रेक असं तासन् तास. अशा ताणत जोर लावण्याने स्नायूच्या तंतूंना बारीक बारीक इजा होते, आणि तिचं दुखणं लगेच येत नाही, दुसऱ्या तिसऱ्या दिवशी येतं, २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त. व्यायामानंतर असं उशिरा येणारं दुखणं १९०२ मध्येच थिओडोर हफ नावाच्या संशोधकाने लिहून ठेवलंय, म्हणजे नवीन शोध काही नाही. आणि गंमत अशी की उतरताना धाप लागत नाही! चढापेक्षा कितीतरी कमी ऑक्सिजन लागतो, छाती शांत असते, गप्पा मारत उतरता येतं, त्यामुळे माणसाला वाटतं की आता काय, संपलं. साधारण १० टक्के उतारावर, म्हणजे १०० मीटर पुढे जाताना १० मीटर खाली अशा उतारावर, चालायला सगळ्यात कमी शक्ती लागते, सपाटीपेक्षाही कमी, पण त्याहून तीव्र उतार लागला की स्वतःला आवरण्यातच शक्ती जायला लागते. डोंगरातला उतार १० टक्क्यांवर थोडाच थांबतो. छाती सांगत असते सगळं झकास चाललंय आणि मांड्या तिकडे हळूहळू कामातून जात असतात, मग शेवटच्या तासाभरात पाय लटलट कापायला लागतात आणि पाऊल टाकायचं एकीकडे आणि पडतं भलतीकडे. घसरून पडणं, घोटा मुरगळणं हे बहुतेक वेळा उतरतानाच होतं ते उगाच नाही.

आमच्या ग्रुपमध्ये एकजण होता, नियमित पळणारा, मॅरेथॉन केलेला, चढताना आम्हा सगळ्यांच्या पुढे आणि वर पोचून आमची वाट बघत बसलेला. उतरताना पहिल्या तासात पण पुढेच होता. नंतर दर वळणावर तो दिसायला लागला, मांड्या चोळत. दुसऱ्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी तीन पायऱ्या होत्या, फक्त तीन, त्या तो कठडा धरून उलटा उतरला, पाठमोरा. दमाला तो आम्हा सगळ्यांना भारी होता हो, त्याचं सगळं पळणं सपाट रस्त्यावरचं होतं एवढंच.

आता यातली चांगली बातमी पण सांगते, कारण ती फार कमी लोकांना माहीत असते. या दुखण्याची शरीराला सवय फार पटकन होते. एकदा थोडं उतरून मांड्या दुखल्या की पुढच्या वेळी तेवढ्याच उताराला खूप कमी दुखतात, आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं. म्हणजे डोंगर नसला तरी चालतं, उताराचे छोटे छोटे डोस मिळाले तरी पुरतात. पहिल्या दिवशी दहा-बारा मजले उतरा, दोन दिवस थांबा, दुखतंय का बघा, मग वाढवा. जायच्या आधीचा शेवटचा जोरदार उतार आठ-दहा दिवस आधी करून ठेवायचा, त्यानंतर फक्त हलकं चालणं. आदल्या आठवड्यात घाबरून जिन्यावर तुटून पडणारे लोक असतात ना, ते दुखऱ्या मांड्या घेऊनच डोंगराच्या पायथ्याशी पोचतात.

उतरायचं कसं याला पण महत्त्व आहे. दणादणा आपटत उतरलात तर गुडघ्याला मार आणि स्नायूला काहीच नाही. सावकाश, एका पायावर सगळं वजन घेऊन, गुडघा थोडा वाकवून, दुसरं पाऊल खालच्या पायरीवर आवाज न करता टेकलं पाहिजे. आवाज आला की समजायचं मांडीने काम सोडलं आणि हाडांवर टाकलं. गुडघा आत वळत नाहीये ना, पायाच्या बोटांच्या दिशेतच राहतोय ना, हे खाली बघून तपासायचं. पहिल्या काही मजल्यांना हे फार सोपं वाटतं, मग गुडघ्याच्या वर, मांडीच्या आतल्या बाजूला जो फुगीर भाग असतो तिथे आधी गरम वाटायला लागतं, मग तो भाग थरथरायला लागतो, पाय टेकताना कपड्यावरून सुद्धा दिसतं. तिथे थांबायचं. थरथर आल्यावर अजून पाच मजले रेटण्यात काही शौर्य नाही, उलट पडायची वेळ तीच.

जिनासुद्धा नसेल, बैठं घर असेल, तर एक भक्कम खोका किंवा बाक घ्या ३० ते ४० सेंटीमीटर उंचीचा, हलत नाही ना ते बघून, आणि त्यावर चढा-उतरा. ४० सेंटीमीटरवर पंचवीस वेळा चढलं की १० मीटर झाले. कंटाळवाणं आहे, मान्य, पण डोंगरातले दगड जिन्याच्या पायऱ्यांसारखे आखीव थोडेच असतात, तिथे पाऊल बऱ्याचदा एवढंच उंच टाकावं लागतं, त्यामुळे खोका जिन्याच्या एक पाऊल पुढेच आहे. शिवाय चढ आणि उतार दोन्ही तिथल्या तिथे. गाणी लावा आणि चालू करा.

ट्रेडमिलबद्दल लोक विचारतात म्हणून सांगते. १२ टक्के चढ लावून ताशी ४ किलोमीटरने चाललं तर तासाला सुमारे ४७५ मीटर चढ होतो, हे चांगलंच आहे, पण हँडल सोडून. हँडलला रेलून चाललात तर स्क्रीनवर आकडा येतो, पायात काही येत नाही. आणि जिन्यापेक्षा ट्रेडमिलचा एक फायदा नक्की आहे, घोटा चढावर जसा वाकतो तसा वाकतो आणि पोटरी ताणली जाते, जिन्यावर पाऊल सपाटच पडतं त्यामुळे पोटऱ्यांना ती सवय होत नाही, मग खऱ्या चढावर पहिल्याच तासाला पोटऱ्यांत गोळे येतात. पुलाचा चढ, पार्किंगचा रॅम्प, बंधाऱ्याचा उतार, जे मिळेल ते वापरा. जवळ वाळू असेल तर तिच्यात चाला, मऊ वाळूत त्याच वेगाने चालायला कडक जमिनीच्या दुपटीहून जास्त शक्ती लागते आणि घोट्याभोवतीचे सगळे छोटे स्नायू जागे होतात. लोक बघतात, बघू दे. सॅक लावून जिन्यात फेऱ्या मारताना मला आमच्या बिल्डिंगमधल्या प्रत्येकाने निदान एकदा तरी विचारलंय की लिफ्ट बंद आहे का.

ओझ्याचं म्हणाल तर ३-४ किलोपासून सुरू करा आणि जेवढं खरंच न्यायचंय तिथपर्यंत हळूहळू जा, पाण्याच्या बाटल्या सोयीच्या कारण एक लिटर म्हणजे एक किलो, वजनकाटा लागत नाही. सॅक तीच वापरा जी नेणार आहात, शूज पण तेच. नवे कोरे शूज घालून थेट डोंगरात जाणाऱ्यांच्या टाचेला फोड येणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही, पण उतारावर अंगठ्याचं नख बुटाच्या टोकाला आपटून काळं पडतं हे सपाटीवर कळत नाही, जिना उतरतानाच कळतं. अंगठ्यापुढे थोडी जागा हवी आणि उतरायच्या आधी लेस घोट्याशी घट्ट करून घ्यायची म्हणजे पाय पुढे सरकत नाही. काठ्या वापरायला लाजू नका, दोन काठ्या नीट टेकवल्या तर उतारावर गुडघ्यांवरचा भार बराच कमी होतो, पण त्याची सुद्धा आधी सवय हवी, नाहीतर काठीतच पाय अडकतो. तोल राखायला रोज दात घासताना एका पायावर उभं राहायचं, हे मी कोणाला सांगितलं की हसतात, हसा पण करा.

आठवड्यातून एकदा मात्र लांब चालायलाच हवं, चार-पाच तास, सपाट का असेना. इथे तुमच्या लेखातलं चालणं कामाला येतं. वेग इतकाच की सोबतच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर जास्त होतंय. आणि शेवटच्या महिन्यात एकदा-दोनदा लागोपाठ दोन दिवस लांब चाला, कारण बहुतेक ट्रेकमध्ये दुसऱ्या दिवशी आधीच थकलेल्या पायांनीच चालायचं असतं. एकंदर आठ ते बारा आठवडे द्या, महिन्याभरात होत नाही. वय चाळिशीच्या पुढे असेल, बीपी शुगर असेल, छातीचा काही त्रास असेल तर आधी तपासणी, यात आळस नको.

एक गोष्ट अशी की तिची तयारी सपाटीवर होतच नाही, ती म्हणजे विरळ हवा. समुद्रसपाटीच्या तुलनेत साधारण साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब निम्मा होतो, किलिमांजारोचं शिखर ५८९५ मीटर आहे म्हणजे तिथे निम्म्याहूनही कमी. आणि हा त्रास फिट माणसाला होत नाही असं अजिबात नाही, उलट फिट माणूस भराभरा वर जातो आणि आधी आडवा होतो. तोंडाला लावायचे ते ट्रेनिंगचे मास्क मिळतात ना उंचीचा सराव म्हणून, त्यांनी श्वास घ्यायला जड जातं एवढंच, हवेतला दाब काही कमी होत नाही. उपाय एकच, हळू जाणं. ३००० मीटरच्या वर गेल्यावर रोजचा झोपायचा मुक्काम ५०० मीटरपेक्षा जास्त वर न्यायचा नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं सुरू झालं तर आणखी वर जायचं नाही, वाढलं तर खाली उतरायचं, आणि बसल्या बसल्या धाप लागत असेल किंवा माणूस असंबद्ध बोलायला, झोकांड्या खायला लागला तर रात्र असली तरी लगेच खाली. गोळ्या डॉक्टरला विचारूनच. हे सगळं तुमच्या लेखात एका ओळीतसुद्धा नव्हतं, याचं मात्र खरंच वाईट वाटलं.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या पेपरात सहलींच्या आणि ट्रेकच्या घोषणा येतात त्यात तारीख, किलोमीटर आणि "सोपा" "मध्यम" "अवघड" एवढंच छापलेलं असतं. सोपा कोणासाठी? त्यासोबत एकूण चढ किती मीटर, एकूण उतार किती मीटर आणि सगळ्यात उंच मुक्काम किती मीटरवर, हे तीन आकडे छापायला सांगा. ज्यांनी ती वाट आधी केलेली असते त्या आयोजकांना हे माहीत असतंच, फक्त कोणी मागत नाही म्हणून ते देत नाहीत. एवढे आकडे असले की सपाट गावातला माणूस घरी बसून भाग लावेल, भागिले तीन, आणि किती मजले होतात ते स्वतःच ठरवेल.

कळावे,
आपली एक वाचक